ट्रंकमामाला घर मिळालं का?

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या आईनं तुमच्या खोलीतलं कपाट उघडून मला दाखवलं. त्या निळ्या माकडाचे मग, माकडाचे मोजे, माकडाची उशी, आणि भिंतीवर त्याचे स्टिकर. "आई, आता तूच समजाव यांना," ती म्हणाली. मी मान हलवली, पण समजावलं काही नाही. तुमच्या आईला वाटलं असेल की नातवंडांचे लाड चाललेत. खरं कारण वेगळं आहे. या बाबतीत मी कुणाला समजावण्याच्या लायकीची नाही, आणि ते का, हे तुम्हांला एकदा नीट, सुरुवातीपासून सांगायचं ठरवलं आहे.

तुमच्या वयाची असताना मला एका करकोच्याचं वेड लागलं होतं.

पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमचं घर औरंगपुऱ्यात होतं. माझे वडील मूळचे शेतकरी घरातले, पण शिकून कचेरीत कारकून झालेले. निजामाच्या राज्यात त्यांचं सगळं काम उर्दूत चाले. राज्य गेलं आणि कचेरीत हळूहळू इंग्रजी आणि मराठी कागद येऊ लागले. तेव्हा वडिलांनी संसारी वयात इंग्रजी पक्कं करायला घेतलं आणि त्यासाठी मुंबईचा एक इंग्रजी पेपर लावला. पेपर मनमाडवरून रेल्वेनं येई, म्हणजे आमच्याकडे पोचायला एक दिवस शिळा होई. वडील मांडीवर शब्दकोश घेऊन अग्रलेख वाचायला बसत. मी त्यांच्या खांद्यावरून आतल्या पानाकडे बघत राही, कारण तिथं खालच्या कोपऱ्यात रोज तीन चौकटींची चित्रं असत.

चित्रात एक करकोचा होता. काटक्यांसारखे लांब पाय, गळ्यात मफलर, हातात पत्र्याची ट्रंक. पहिल्या चौकटीत तो भाड्याच्या खोलीत ऐटीत बसलेला असे. ट्रंकेतला कप फळीवर, उशी खाटेवर, दिवा कोनाड्यात. दुसऱ्या चौकटीत काहीतरी घोटाळा होई. कधी त्याची मान छपरातून वर निघे, कधी पाय खिडकीतून बाहेर जाऊन शेजारणीच्या वाळवणात पडत. घरमालक एक जाडा बेडूक होता, तो गाल फुगवून उभा राही. आणि तिसऱ्या चौकटीत करकोचा रस्त्यावर, ट्रंक शेजारी, तोंड आपल्याकडे. चित्राखाली एक अक्षरही नसे. लागतही नसे.

माझ्या आईचे भाऊ आमच्याकडे येत ते असेच, पत्र्याची ट्रंक घेऊन. म्हणून आम्ही भावंडं त्याला ट्रंकमामा म्हणायला लागलो. बाकीच्यांचं हसून झालं की ते विसरत. मला मात्र विसरता येईना. त्याला रोज घराबाहेर काढत आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नव्या खोलीत कप फळीवर ठेवत असे. शिवाय तो सामान फार नेटकं लावी. उशी खाली, कप उशीत गुंडाळलेला, दिवा उभा. मला स्वतःला लहानपणापासून वस्तू जागच्या जागी लागतात, हे तुम्ही जाणताच. तेव्हा आमचं जमलं.

मी चित्रं कापून ठेवायला लागले. पण त्यात एक अडचण होती. चित्राच्या मागच्या बाजूला नेमके मुंबईचे कापसाचे भाव छापलेले असत, आणि शेजारचे अडत दुकानवाले काका ते बघायला रोज आमच्याकडे येत.

"पोरी, आज कापसाचा भाव कुठाय?" त्यांनी पानात पडलेल्या भोकातून माझ्याकडे बघत विचारलं.

"करकोच्याच्या पाठीवर, काका."

"कुनाच्या?"

मी आतून कात्रण आणून दिलं. त्यांनी ते उलटं धरून भाव वाचला, मग सुलटं करून चित्र पाहिलं आणि वडिलांना म्हणाले, "साहेब, तुमच्या लेकीनं माझा बाजार कापून खाल्ला बघा." तेव्हापासून नियम झाला, काका येऊन गेल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही. मी दारात कात्री घेऊन त्यांची वाट बघत बसे.

महिन्याची कात्रणं झाली की त्यांचा गठ्ठा, प्रत्येक महिन्याला वेगळ्या रंगाचा दोरा, कडेला बारीक अक्षरात तारीख. वडिलांची एक जुनी ट्रंक मी मागून घेतली आणि सगळे गठ्ठे तिच्यात लावले. अभ्र्यावर मी ट्रंकमामा भरला. शाळेच्या पाटीमागे कोरला. एका दिवाळीला उंबऱ्यापुढं रांगोळीत त्याची पावलं काढली, तर समोरच्या काकू थबकून म्हणाल्या, "अगं बाई, लक्ष्मीची पावलं काढतात दारात. ही कोणाची? कोंबडीची का?" आईनं मला ती पुसायला लावली. मी पुसली, आणि मागच्या दारी पुन्हा काढली.

एक फायदा झाला. चित्राखाली अक्षर नव्हतं, पण चित्राच्या आजूबाजूला सगळं इंग्रजीच होतं. रोज तिथंच नजर लावून बसल्यानं तेही वाचता येऊ लागलं. पुढं मी इंग्रजी घेऊन शिकले आणि शिकवलं, त्याची सुरुवात त्या कोपऱ्यात आहे.

कॉलेजचं पहिलं वर्ष संपलं आणि माझं लग्न ठरलं. तुमचे आजोबा लासूर स्टेशनजवळच्या शेतकरी घरातले, नोकरी इथं शहरात, शेतकी खात्यात. लग्न आमच्या दारात झालं. त्या गडबडीत पंधरवडाभर मी पेपर पाहिला नाही, पण मनात खात्री होती की पेपर घरातच आहेत, सावकाश कापता येतील. मांडवपरतणीला माहेरी आले ती सरळ पेपरांच्या कोनाड्याकडे गेले. कोनाडा रिकामा.

"अगं, पाहुण्यांना लाडू बांधून द्यायला कागद नको का?" आई म्हणाली. "सगळे पेपर पुड्यांना लागले."

माझा ट्रंकमामा बुंदीच्या लाडवांना गुंडाळून गावोगाव गेला होता. म्हटलं, जाऊ दे, पंधरवड्याचाच प्रश्न आहे. त्या दिवशीचा पेपर उघडला, तर कोपऱ्यात मनगटी घड्याळाची जाहिरात.

"ते चित्र बंद झालं," वडील म्हणाले. "शेवटचं असं छापलं होतं मागच्या आठवड्यात."

"शेवटी काय झालं, दादा? घर मिळालं का त्याला?"

"कोणाला?" वडिलांनी शब्दकोशातून मान वर केली. "मी कुठं ते बघतो!"

इतकी वर्षं ज्याच्यासोबत रोज घराबाहेर पडले, त्याचं शेवटी काय झालं, हे मला कळलं नाही. सासरी निघताना डोळ्यांत पाणी होतं. लोकांना वाटलं माहेर सुटतंय म्हणून. तेही होतं, पण सगळं तेवढंच नव्हतं.

गठ्ठ्यांची ट्रंक मी सासरी नेली. पहिलं वर्ष मी लासूरलाच होते, आजोबा शनिवारी गाडीनं येत. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, यांना मी आत्याबाई म्हणत असे. अंगानं भक्कम, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. लिहिणं-वाचणं त्यांना कधी कुणी शिकवलं नव्हतं. बोलण्यात मात्र त्यांना कुणी हरवू शकत नसे.

आता आमच्याकडची एक रीत तुम्हांला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. उन्हाळ्यात शेतीची कामं सरली की बाया रद्दी कागद जमवून त्याच्या टोपल्या करत. कागद फाडून बारीक करायचे, मेथ्यांबरोबर पाण्यात भिजवायचे, उखळात कुटून लगदा करायचा, आणि उपड्या पातेल्यावर तो थापून उन्हात वाळवायचा. चांगली हलकी, घट्ट टोपली होते. मेथ्यांनी कीड लागत नाही. यातलं सगळ्यात किचकट काम म्हणजे कागद फाडणं.

त्या उन्हाळ्यात मी चार दिवस माहेरी गेले होते. परत आले तर अंगणात मेथ्यांचा वास, उखळाशी आत्याबाई आणि शेजारी माझी ट्रंक, सताड उघडी.

"ये गं सूनबाई, ये!" त्यांनी मुसळ थांबवलं. चेहरा कौतुकानं फुललेला. "लई शहानी पोर हायेस तू. कागद घरूनच कापून आनलेस, ते बी एका मापाचे! आमच्यात एवढं कापून कुनी नाय दिलं आजवर. म्या साऱ्या गल्लीला दाखवलं, म्हनलं बघा, सून आसावी तर आशी."

आणि त्यांच्या दृष्टीनं त्यात काही चूक नव्हती. नवी सून पेटीभर कागद बारीक कापून, गठ्ठे बांधून आणते, तर ते दुसरं कशासाठी असणार? रंगीत दोरेही त्यांनी जपून बाजूला काढून ठेवले होते, गोधडीला उपयोगी पडतील म्हणून.

मी उखळाशेजारी बसले आणि डोळे पुसायला लागले.

"मेथ्या झोंबल्या का डोळ्याला?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे नीट बघितलं. "काय झालं गं?"

मी सांगितलं. रडत सांगितल्यानं ते कितपत नीट सांगितलं कोण जाणे.

"कोन मामा? तुझा मामा तर लग्नात धडधाकट होता की."

"तो नाही. पेपरातला. करकोचा आहे."

"पक्षी?"

"हो. त्याला भाड्याचं घर टिकत नाही."

आत्याबाईंनी विचार केला. "बायको-पोरं हायेत का त्याला?"

"नाहीत."

"मंग कोन ठिवून घेतंय! एकट्या बाप्याला घर देत नायत लोक." एवढं बोलून त्यांनी कोपरापर्यंत हात घमेल्यातल्या लगद्यात घातला आणि चाचपायला लागल्या. घमेल्याच्या काठाला एक कात्रण चिकटून वाचलं होतं. ते त्यांनी पाण्यात हलवून घेतलं आणि मांडीवरच्या लुगड्यावर पसरलं. "ह्यो का?"

"हाच."

बराच वेळ त्या ते चित्र बघत होत्या. "पाय बघ की ह्याचे," शेवटी म्हणाल्या. "एवढ्या लांब पायानं कुठं मावनार बिचारा. अन् मंग शेवटी काय झालं? मिळालं का घर?"

मी लाडवांच्या पुड्यांची गोष्ट सांगितली.

"म्हंजे माझ्या पोराच्या लग्नापायी ह्याचं राहिलं म्हन की." त्या उठल्या, हात धुतले. "बरं. रडू नको. लाडवाच्या पुडीतनं गेला ना, मंग पुडीतनंच यील."

टोपल्या झाल्या, छान झाल्या, पापडांना वापरल्याही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात ट्रंकमामाचं वेड असलेली माणसं दोन झाली.

लासूरचा बाजार मोठा. तिथल्या दुकानांत मुंबईची जुनी रद्दी मणानं येई आणि तिच्या पुड्या होत. कित्येक वर्षांपूर्वीचा पेपर आज हळदीभोवती निघे. आत्याबाई दर बाजाराला जात आणि किराणावाल्यापुढं ठाण मांडत.

"काय म्हातारे, गूळ देऊ का?" तो विचारी.

"गूळ दे, पन त्या कागदात नगं. ह्यात दे. नाय, ह्यात बी नगं. त्यो खालचा काढ."

"गूळ खायचाय का कागद?"

"तुला काय करायचंय? पैसे गुळाचे घे अन् गप ऱ्हा."

अक्षराचा काही उपयोग नव्हता, त्यामुळे त्या फक्त लांब मान शोधत. पदरातून एकेक चुरगळलेला कागद काढून माझ्यापुढं ठेवत. त्यात बगळे निघत, बदकं निघत, तेलाच्या जाहिरातीतली लांब मानेची बाई निघे.

"ह्यो तरी त्योच हाय. बघ, मान लांब, पाय एकच दिसतोय."

"आत्याबाई, हा हातपंप आहे."

"आसं व्हय," असं म्हणून त्या हातपंपाचाही कागद घडी करून ठेवत, न जाणो लागला तर. पण मधूनमधून खरोखरीचा ट्रंकमामा निघे. कधी तेलकट, कधी मिरचीचा, कधी एकच चौकट उरलेला. मी पुड्यांचे खळीनं चिकटवलेले जोड ओल्या फडक्यानं सोडवी, सावलीत वाळवी आणि उशीखाली दाबून सरळ करी. मग आम्ही दोघी त्या चौकटी पुढं ठेवून बसत असू. नव्या सुनेला सासूशी काय बोलावं सुचत नाही म्हणतात. आम्हांला विषयाची वाण कधी पडली नाही.

पुढं आम्ही शहरात दोन खोल्या घेतल्या आणि मी पुन्हा कॉलेजात जाऊ लागले. शिकलेल्या सुनेनं पुन्हा शिकावं का, यावर घरात थोडी कुरबुर झाली, ती आत्याबाईंनीच मोडून काढली. महिन्यातून एकदा त्या लासूरहून गाडीनं येत, दळण, शेंगा आणि सपाट केलेल्या पुड्यांचा गठ्ठा घेऊन. दारातच पहिला प्रश्न असे, "लागला का शोध? मिळालं का त्याला घर?" तुमचे आजोबा म्हणत, "आई, मी कसा आहे ते विचार की एकदा." त्यावर त्या म्हणत, "तुला हाय की घर. तुझं काय विचारायचं?"

काही वर्षांत आमच्याकडे पुष्कळ चित्रं परत जमली. फक्त तो शेवटचा आठवडा काही मिळेना.

मग एकदा कॉलेजात एका बाईंनी सहज सांगितलं की गावातल्या जुन्या वाचनालयात इंग्रजी पेपरांच्या वर्षावर्षाच्या फायली बांधून ठेवलेल्या आहेत. हे मला आधी का सुचलं नाही? कारण त्या वाचनालयात बायका जात नसत. एवढंच कारण होतं. आत्याबाई येईपर्यंत मी थांबले आणि त्यांना सोबत घेऊन गेले. नव्या पुड्यांचा गठ्ठा फडक्यात बांधून त्यांनी काखेत घेतला होता.

तिथं एक चाळिशी उलटलेले शिपाई होते, डोक्याला काळी टोपी, बोलणं अदबशीर. आम्हांला बघून ते जरा गोंधळले, पण शिडीवर चढले आणि माझ्या लग्नाच्या वर्षाची फाईल काढून टेबलावर ठेवली. लग्नाच्या पंधरवड्यापर्यंत मी पानं उलटत गेले. आतलं पान उघडलं.

कोपऱ्यात चौकोनी भोक.

पुढचं पान, भोक. मागची पानं, तिथंही भोक. रोजच्या अंकात तेवढाच तुकडा कापून नेलेला. पलीकडून आत्याबाईंनी त्या भोकातून माझ्याकडे बघितलं.

"उंदीर लागलेत का गं?"

"उंदीर इतकं सरळ कुरतडत नाहीत, आत्याबाई. हे पात्यानं कापलंय."

त्यांनी बोट घालून भोकाच्या कडा तपासल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे तुझ्यावानी आनखी एक येडं हाय ह्या गावात!"

शिपाईबाबांनी टोपी काढून पुन्हा घातली. दोनदा घातली. मग हळूच म्हणाले, "बाईसाब, किसी को बोलना नक्को. ये फाइलां कोई देखता नै था. मेरी आपा के वास्ते काटा मैं. वो घर से बाहर नै निकल सकती, बचपन से पाँव में ताकत नै. इस बगुले पे उसकी जान है."

मला त्यांच्यावर रागावायचं सुचायच्या आधीच आत्याबाईंनी विचारलं, "शेवटचं हाय का तुमच्या आपाकडं?"

"हौ माँ. सब हैं."

"मंग चला की. बसलाव कशाला?"

वाचनालय बंद करून ते आम्हांला शहागंजच्या मागच्या गल्लीत घेऊन गेले. छोटं, स्वच्छ घर. आपा, म्हणजे त्यांची थोरली बहीण, खाटेवर तक्क्याला टेकून बसल्या होत्या, पन्नाशीच्या आसपासच्या, गोऱ्या, चष्मा लावलेल्या. गल्लीतल्या मुलींना त्या उर्दू लिहा-वाचायला शिकवत. भावानं आम्ही कशासाठी आलोत ते सांगितलं, तर त्यांनी दोन्ही हात पुढं केले, जणू आम्ही नात्यातल्या.

"आओ आओ! कायकू खडे? इधर बैठो, मेरे नजदीक."

खाटेसमोरच्या भिंतीवर एक पांढरी चादर टांगली होती, आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत ओळीनं ट्रंकमामा चिकटवलेला. माझी सगळी वर्षं तिथं होती, मिरचीचा डाग नसलेली. मी चादरीपाशी जाऊन उभी राहिले आणि जवळजवळ नाकानं वाचू लागले.

"मेरेकू भोत हिम्मत देता ये," आपा मागून म्हणाल्या. "रोज सडक पे रहता, रोज उसकू घर मिल जाता."

मी वळले. "घर मिळतं? रोज?"

"हौ. रोज. टूटा-फूटा मिलता, मगर वो दुरुस्त कर लेता. ये देखो ना." त्यांनी काठी घेतली आणि एका चित्रावर दाखवायला लागल्या. काठी उजव्या टोकाला सुरू झाली. करकोचा रस्त्यावर, ट्रंक शेजारी. मग मधली चौकट, छप्पर फुटलेलं, घरमालक रागावलेला. मग डावीकडची, करकोचा नेटक्या खोलीत, कप फळीवर.

मला क्षणभर काहीच कळेना, मग सगळं एकदम कळलं. आपांनी जन्मभर उर्दू वाचली होती, आणि उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं आणि चित्राखाली तर एकही अक्षर नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी माझा ट्रंकमामा दुसऱ्या टोकाकडून वाचला होता. मी ज्याला रोज बाहेर काढलेला पाहत होते, तो त्यांच्याकडे रोज आत येत होता. मी चादरीवरची चार-पाच चित्रं त्यांच्या बाजूनं वाचून पाहिली. सगळी बरोबर लागत होती. मला हसू आवरेना. मी त्यांना सांगितलं, तर त्याही तोंडावर ओढणी धरून हसायला लागल्या. "या अल्ला! तुम रोज उसकू घर से निकालते थे? इत्ते बरस?"

"हसताय काय दोघी," आत्याबाई म्हणाल्या. "शेवटचं कुठाय?"

आपांनी ते चादरीवर लावलं नव्हतं. उशीजवळच्या पेटीतून काढून त्यांनी ते आत्याबाईंच्या हातात दिलं, वयाचा मान म्हणून. आम्ही दोघी त्यांच्या खांद्यावरून वाकलो.

डावीकडे खोली. खिडकीत करकोचा, दिवा लावलेला. मध्ये बंद दार आणि दाराशी करकोचा. उजवीकडे रस्ता, करकोचा, हातात ट्रंक, तोंड आपल्याकडे.

इतकी वर्षं शोधलं ते हे. खोली, दार, रस्ता. शेवटच्या दिवशीही तो निघालाच होता.

"मिल गया घर," आपा समाधानानं म्हणाल्या.

आत्याबाईंनी आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. "ह्या म्हनतात मिळालं. तुझं तोंड का उतरलं? खरं सांग. तू इंग्रजी शिकलीस."

"त्यांच्या बाजूनं वाचलं तर मिळालं, आत्याबाई. माझ्या बाजूनं वाचलं तर निघाला."

"अन् जिला कोनत्याच बाजूनं वाचता येत नाय तिनं काय समजायचं?"

मी कागद हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. करकोच्याच्या मफलरवर एक छोटी काळी रेघ होती. शाईचा डाग असेल असं वाटलं. पण तो डाग तिन्ही चौकटींत होता, त्याच जागी. नीट पाहिलं तर दोरी होती, आणि दोरीला किल्ली.

मी धावत चादरीपाशी गेले. एक चित्र बघितलं, दहा बघितली, खालच्या ओळी बघितल्या. सगळीकडे किल्ल्यांचा जुडगा बेडकाच्या कमरेला. करकोच्याकडे किल्ली एकदाही नव्हती. आणि या शेवटच्या चित्रात बेडूक कुठंच नव्हता.

"किल्ली त्याच्या गळ्यात आहे!" खाटेपाशी परत येत मी जवळजवळ ओरडले. "आत्याबाई, आपा, बघा! खोलीत पण आहे, दाराशी पण, आणि रस्त्यावर पण. घरमालक नाहीच यात. घर त्याचं आहे."

तिघींची डोकी त्या बोटभर कागदावर आपटली. आपांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "अरे हौ! चाबी! मैं इत्ते बरस देखी, मगर चाबी नै देखी."

"पण मग ट्रंक घेऊन रस्त्यावर कशाला आलाय?" मला अजूनही सगळं जागच्या जागी लागायला हवं होतं.

"कशाला म्हंजे?" आत्याबाई म्हणाल्या. "कुलूप लावून गावाला निघालाय. घर आसलं की मानूस गावाला जातंय. नसलं तर कुठनं जानार?"

"या गाव से आया होगा," आपा म्हणाल्या.

"आला आसंल," आत्याबाईंनी लगेच मान्य केलं. "जाईल नायतर यील. त्याचं त्यो बघंल आता."

शिपाईबाबांनी चहा आणि नानकटाई आणली. मग आपांनी आत्याबाईंच्या काखेतल्या गठ्ठ्याबद्दल विचारलं. वाचनालय सुटीला बंद असे आणि त्या दिवशीचे अंक फायलीत लागतच नसत, हे तिथं पहिल्यांदा आमच्या लक्षात आलं. म्हणजे आपांच्या चादरीत सणासुदीचे दिवस नव्हते, आणि आमच्या पुड्यांत ते होते. आत्याबाईंनी फडक्याची गाठ सोडली आणि हळदीनं पिवळं झालेलं एक चित्र, आपांनी कधीही न पाहिलेलं, खाटेवर ठेवलं. आपांनी उजवीकडून सुरुवात केली, मी डावीकडून. मधल्या चौकटीत आमची बोटं एकमेकींना अडली.

"सरका जरा दोघी," आत्याबाई म्हणाल्या. "मला बी दिसू द्या."